ॲप किती सोपे, हे वापरणाऱ्याकडून कसे मोजावे: खान्देशातील पाहणीची पद्धत

ॲप बनवणाऱ्याला स्वतःचे ॲप सोपेच वाटते आणि त्यात त्याचा दोषही नसतो. कोणते बटण कुठे आहे हे ज्याने ठरवले, त्याला ते शोधावे लागत नाही. म्हणून सोपेपणाचा निवाडा वापरणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत शेतकऱ्याची कितीतरी कामे आता मोबाइलवर आली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानेच मोबाइलवरून करण्याच्या पद्धतीमुळे, तर ज्यांनी पूर्वी कधी ॲप उघडले नव्हते, त्यांनाही ते उघडावे लागले. त्यामुळे इथे सॉफ्टवेअरची कामे करणारी मंडळी, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्रकल्प करणारे विद्यार्थी या सर्वांपुढे ‘आमचे ॲप लोकांना जमते का’ हा प्रश्न असतो. तो थेट विचारला, तर उत्तर अहिराणीत ठरलेले असते: ‘चांगलं शे’, म्हणजे चांगले आहे. या दोन शब्दांच्या पलीकडे जाऊन भरवशाचा आकडा कसा मिळवावा, याची पद्धत पुढे दिली आहे.

समजावून सांगण्यासाठी एक काल्पनिक ॲप घेऊ. रावेर, यावल, चोपडा आणि पलीकडे शहादा या भागांतील केळी उत्पादकांनी कापणीस आलेल्या बागेची नोंद त्यात करायची, व्यापाऱ्यांनी देऊ केलेले भाव पाहायचे आणि माल गेल्यावर हिशेबपट्टी तपासायची, एवढेच त्याचे काम आहे.

मोजायचे नेमके काय

वापरसुलभतेची सर्वमान्य व्याख्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या अकराव्या भागात आहे. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्ट आणि विशिष्ट परिस्थिती या तिन्ही गोष्टी ठरवल्यावर काम किती परिणामकारकपणे होते, त्याला किती वेळ आणि श्रम लागतात आणि वापरणाऱ्याचे समाधान किती होते, हे पाहावे, असा तिचा सारांश आहे. यातली ‘विशिष्ट’ ही अट वरवरची समजू नये. ‘आमचे ॲप सोपे आहे’ या वाक्याला तसा काहीच अर्थ नाही. ‘स्वतःच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप वापरणाऱ्या, पाच एकरांपर्यंत केळी असलेल्या शेतकऱ्याला बांधावर उभे राहून बागेची नोंद करणे सोपे जाते’ या वाक्याला अर्थ आहे, कारण ते खरे की खोटे हे तपासता येते.

याच व्याख्येतून पाहणीची मर्यादाही कळते. प्रश्नावलीतून प्रामुख्याने समाधान मोजले जाते, म्हणजे काम किती सोपे वाटले, हे माणूस सांगतो. काम खरोखर झाले का आणि किती वेळात झाले, हे बघावेच लागते. प्रत्यक्षात नोंद अर्धवट राहिलेली असते आणि माणूस मात्र ‘सोपे होते’ म्हणून निघून जातो, कारण शेवटचे ‘जतन करा’ हे बटण दाबायचे राहिले, हे त्याला कळलेलेच नसते. असे आपल्याकडे सर्रास घडते, आणि दुसरीकडे कुठेही घडते. म्हणून पाहणीच्या प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर तीन रकाने निरीक्षकाने स्वतः भरायचे असतात: काम पूर्ण झाले, अर्धवट राहिले की सोडून दिले, किती मिनिटे लागली, आणि किती वेळा दुसऱ्याला विचारावे लागले. हे रकाने नसतील, तर पुढचे सर्व गुण अधांतरी राहतात.

प्ले स्टोअरवरील तारे आणि ‘हे ॲप तुम्ही मित्राला सुचवाल का’ हा शून्य ते दहाचा प्रश्न, या दोन गोष्टी वापरसुलभतेच्या नावाखाली खपवल्या जातात. दुसरा प्रश्न फ्रेडरिक रायकेल्ड यांनी २००३ मध्ये ग्राहकनिष्ठा मोजण्यासाठी मांडला होता. केळीला भाव चढा असला, की भाव दाखवणाऱ्या ॲपवरही लोक खूश असतात. त्याचा स्क्रीनच्या रचनेशी काही संबंध नसतो. या दोन्हींची नोंद ठेवायला हरकत नाही, पण त्यांवरून सोपेपणाचा निष्कर्ष काढू नये.

काम आधी, प्रश्न नंतर

जुन्या आठवणीवर विचारलेले मत पातळ असते. म्हणून प्रत्येकाला ठरावीक तीन-चार कामे करायला द्यावीत आणि ती संपताच प्रश्न विचारावेत. काम सांगताना ॲपमधले शब्द वापरू नयेत, कारण ते वापरले की शोधण्याचे अर्धे काम आपणच करून टाकतो. स्क्रीनवर ‘पीक तपशील जोडा’ असे बटण असेल, तर ‘पीक तपशील जोडून दाखवा’ असे म्हणणे म्हणजे उत्तर फोडणे होय. त्याऐवजी असे सांगावे: ‘समजा, तुमची तीन एकर पिलबाग येत्या आठवड्यात कापणीला येणार आहे. ते व्यापाऱ्यांना कळावे म्हणून या ॲपमध्ये जे करावे लागेल ते करा.’ (पिलबाग म्हणजे केळीचा खोडवा, आधीच्या झाडाच्या पिलांवर घेतलेले पीक; नवी लागवड ती नवती.)

यानंतर हाताची घडी घालून बसावे. ही गोष्ट सांगायला सोपी आणि पाळायला फार अवघड आहे. समोरचा माणूस चुकीच्या पानावर गेला, की आपले बोट आपोआप त्याच्या स्क्रीनकडे जाते. त्याने ‘आता काय करू’ असे विचारले, तर ‘मी इथे नसतो, तर तुम्ही काय केले असते’ असे विचारावे आणि त्याने विचारले याची नोंद घ्यावी. आपल्या ॲपच्या नोंदीच्या पानावर समजा ‘पीक अवस्था’ असा रकाना आहे आणि त्याखाली ‘प्रथम’ व ‘खोडवा’ असे पर्याय आहेत. रावेरचा शेतकरी तिथे ‘नवती’ आणि ‘पिलबाग’ शोधणार, कारण बाजारातले भाव त्याच नावांनी निघतात. तो यादी वर-खाली करेल, क्षणभर थांबेल, मग अंदाजाने काहीतरी निवडेल आणि पुढे जाईल. नंतरच्या प्रश्नावलीत हे थांबणे कुठेच उमटणार नाही. निरीक्षकाने ते वहीत टिपले, तरच हाती लागेल.

प्रत्येक काम संपल्यावर लगेच एकच प्रश्न विचारावा: ‘हे काम करायला किती सोपे किंवा अवघड गेले?’ उत्तर एक ते सात या पट्टीवर घ्यावे, जिथे एक म्हणजे फार अवघड आणि सात म्हणजे फार सोपे. या एका प्रश्नाच्या पद्धतीचा फायदा असा, की अडचण नेमक्या कोणत्या कामात आहे हे कळते. या पट्टीवर वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये सरासरी साडेपाचच्या आसपास आढळते. तेव्हा चार हा मधला आकडा मिळाला म्हणून ‘बरे चालले आहे’ असे समजू नये. कोणी चार किंवा त्याहून कमी गुण दिले, तर तेवढ्याच वेळी ‘का?’ असे विचारून उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. सारांश करून लिहू नये. ‘युजरला नेव्हिगेशन कठीण वाटले’ या वाक्यात काही सापडत नाही. ‘मांगे जावाना रस्ता कोठे शे तेच समजनं नही’ (मागे जायचा रस्ता कुठे आहे तेच समजले नाही) यात दुरुस्तीची जागाच सापडते.

दहा विधाने

सर्व कामे आटोपली, की संपूर्ण ॲपविषयी विचारायचे. त्यासाठी स्वतःच्या मनाने प्रश्न रचण्याचा मोह टाळावा, कारण तशा प्रश्नांच्या उत्तरांची तुलना कशाशीच करता येत नाही. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे सिस्टिम यूजेबिलिटी स्केल, अर्थात एसयूएस. ती जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या इंग्लंडमधील कार्यालयात तयार केली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे, दोन-तीन मिनिटांत भरून होते आणि मोजक्या लोकांतही बऱ्यापैकी स्थिर आकडा देते. तिच्यातील विधाने मराठीत साधारण अशी मांडता येतील:

१. हे ॲप मला वरचेवर वापरावेसे वाटेल.
२. हे ॲप मला विनाकारण किचकट वाटले.
३. हे ॲप मला वापरायला सोपे वाटले.
४. हे ॲप वापरायचे तर मला जाणत्या माणसाची मदत लागेल.
५. या ॲपमधल्या निरनिराळ्या कामांचा एकमेकांशी नीट मेळ बसला आहे.
६. या ॲपमध्ये एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरेच, असे फार आहे.
७. बहुतेक लोक हे ॲप लवकर शिकतील, असे मला वाटते.
८. हे ॲप वापरताना मला फार अवघडल्यासारखे झाले.
९. हे ॲप वापरताना आपण चुकणार नाही, असा मला भरवसा वाटला.
१०. हे ॲप वापरता येण्याआधी मला बरेच काही शिकून घ्यावे लागले.

प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय असतात: अजिबात पटत नाही, पटत नाही, सांगता येत नाही, पटते, पूर्ण पटते. त्यांना अनुक्रमे एक ते पाच असे आकडे द्यावेत. आपल्याकडे पीकपाण्याचा अंदाज आण्यांत सांगण्याची जुनी सवय आहे, तेव्हा उत्तरही सोळा आण्यांपैकी किती, असे घ्यावे, असा विचार मनात येतो. तो रंजक आहे, पण पट्टी बदलली की इतरत्र मोजलेल्या गुणांशी तुलना करण्याची सोय जाते. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रेही वापरू नयेत. रडका चेहरा म्हणजे ॲप वाईट की माणसाची तक्रार, हे प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो.

या दहा विधानांत विषम क्रमांकाची विधाने ॲपच्या बाजूची आणि सम क्रमांकाची विरुद्ध बाजूची आहेत. न वाचता सगळीकडे ‘पूर्ण पटते’ लिहिणारा माणूस त्यामुळे उघडा पडतो, कारण दोन आणि तीन ही विधाने एकाच वेळी पूर्ण पटूच शकत नाहीत. मात्र याच रचनेची दुसरी बाजू खान्देशात जास्त जाणवते. इथे बहुतेक पाहण्या समोरासमोर बसून, विधाने वाचून दाखवून होतात. ‘ॲप किचकट वाटले’ या विधानावर ‘पटत नाही’ म्हणायचे म्हणजे मनात उलटा हिशेब करावा लागतो, आणि तो करताना चांगले शिकलेले लोकही घसरतात. जेफ सॉरो आणि जेम्स लुईस यांनी २०११ मध्ये सर्व विधाने होकारार्थी केलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिचे गुण मूळ आवृत्तीसारखेच आले. माझे मत असे आहे, की तोंडी पाहणीत होकारार्थी आवृत्ती वापरावी आणि कागदावर किंवा लिंकवर स्वतः वाचून भरणाऱ्यांसाठी मूळ आवृत्ती ठेवावी. मात्र एकदा निवडलेली आवृत्ती पुढच्या फेऱ्यांतही तीच ठेवावी आणि दोन आवृत्त्यांचे गुण एका सरासरीत कधीही मिसळू नयेत.

दहा विधाने विचारण्याइतका वेळच नसेल, विशेषतः फोनवरून विचारायचे असेल, तर २०१३ मध्ये मांडलेली यूमक्स-लाइट ही दोन विधानांची प्रश्नावली पुरते: ‘मला जे लागते ते या ॲपमध्ये आहे’ आणि ‘हे ॲप वापरायला सोपे आहे’. ही एक ते सात या पट्टीवर घेतात. दोन्ही आकड्यांच्या बेरजेतून दोन वजा करून, बाराने भागून शंभराने गुणले, की शंभरपैकी गुण मिळतात.

शब्दांची परीक्षा

वर दिलेले मराठी रूप जसेच्या तसे उचलू नये. आधी आपल्या वापरकर्त्यांवर पारखून घ्यावे. खान्देशात ही पारख अधिक निकडीची आहे. धुळे, साक्री, अमळनेर, पारोळ्याकडे घरात अहिराणी बोलतात, रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली आहे आणि सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी व भिली बोलतात. यांपैकी बहुतेकांना शाळेतली मराठी वाचता येते. प्रश्न असतो तो विधानाचा अर्थ त्यांच्यापर्यंत आपल्याला हवा तसा पोहोचतो का, हा.

पारख करण्याची रीत साधी आहे. पाच-सहा जणांना एकेक विधान वाचून दाखवावे आणि ‘यात काय विचारले आहे, ते तुमच्या बोलीत सांगा’ असे म्हणावे. पाचव्या विधानातला ‘मेळ’ आणि नवव्यातला ‘भरवसा’ इथे हमखास अडतात. ‘भरवसा’ ऐकून माणूस ॲपवरच्या विश्वासाविषयी, म्हणजे पैसे बुडणार तर नाहीत ना याविषयी बोलू लागतो, तर मूळ विधान स्वतःच्या हातावरच्या विश्वासाचे आहे. ‘आपण चुकणार नाही’ हे शब्द त्यासाठीच घातले आहेत. अशी अडचण इंग्रजीतही आली होती. आठव्या विधानातला मूळ शब्द इंग्रजी ही परकी भाषा असलेल्यांना कळत नाही, हे क्रेग फिनस्टॅड यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आणि त्यानंतर तिथे सोपा शब्द रूढ झाला.

बोलीभाषेतले रूप करायचे असेल, तर एकाने प्रमाण मराठीतून अहिराणीत न्यावे आणि मूळ विधाने न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावे. दोन्ही मराठी रूपांचा अर्थ जुळला नाही, तर अहिराणी वाक्य दुरुस्त करावे. पाहणी करणाऱ्या प्रत्येकाने ऐन वेळी आपापल्या परीने बोलीत समजावून सांगणे हा मात्र चुकीचा मार्ग आहे; तसे केले की जितके निरीक्षक तितक्या प्रश्नावल्या होतात.

कोणाला विचारावे, आणि कोणी विचारावे

खाते वडिलांच्या नावावर, मोबाइल मुलाचा आणि बोटे सुनेची, अशी स्थिती अनेक घरांत असते. म्हणून पहिला गाळणीचा प्रश्न असा हवा: ‘या ॲपमध्ये नोंद करताना मोबाइल कोणाच्या हातात असतो?’ ज्याच्या हातात असतो, त्याच्याकडून प्रश्नावली भरून घ्यावी. खातेदार शेतकऱ्यांची यादी घेऊन घरोघर गेलो, तर ॲप कधीही न हाताळलेल्या माणसांची मते गोळा होतात आणि बायकांची मते हमखास सुटतात.

ॲपला दोन प्रकारचे वापरकर्ते असतील, जसे इथे उत्पादक आणि व्यापारी आहेत, तर त्यांचे गुण वेगळे ठेवावेत. नवखे आणि हंगामभर वापरलेले यांनाही एकत्र करू नये, कारण सरावाने गुण वाढतात. व्हॉट्सॲपच्या गटावर लिंक टाकली, तर ज्यांना मोबाइल सहज जमतो तेच उत्तर देतात, आणि ॲप ज्यांना जमले नाही ते लिंकही उघडत नाहीत. अशा पाहणीतून येणारा गुण नेहमी गोड असतो. लिंक वापरायचीच असेल, तर निदान काही मुलाखती गावात जाऊन घ्याव्यात आणि दोन्हींचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. सातपुड्याच्या भागात नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा कागदी अर्ज सोबत असलेले बरे. आणि ॲप स्वतःच नेटवर्कशिवाय चालते का, हेही त्याच फेरीत कळते.

विचारणारा कोण, यावर उत्तर फार अवलंबून असते. ज्याने ॲप बनवले त्याने विचारू नये, आणि व्यापाऱ्याच्या किंवा कंपनीच्या माणसाने तर नाहीच. घरी आलेल्या माणसाला वाईट सांगणे आपल्याकडे शोभत नाही. चहाचा कप हातात देताना ‘जिभाऊ, ॲप एकदम भारी शे’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, तो पाहुणचार करत असतो. ओळखीचा नसलेला, शक्यतो त्या भागाची बोली येणारा विद्यार्थी निरीक्षक म्हणून चांगला. त्याने सुरुवातीला सांगावे: ‘हे ॲप मी बनवलेले नाही. यात काय चुकले आहे ते शोधायला मला पाठवले आहे. परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही.’ शेवटचे वाक्य विसरू नये. वयाने मोठ्या माणसांच्या मनावरचा ताण त्याने लगेच उतरतो. वेळही बघून ठरवावी. कापणीच्या दिवसांत, किंवा रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरून आलेल्या माणसाला सकाळी गाठले, तर उत्तरांत कंटाळाच जास्त उतरतो.

नाव, मोबाइल क्रमांक, आधार, सातबारा यांपैकी काहीही प्रश्नावलीत मागू नये. पाहणीला त्यांची गरज नसते. पुढच्या फेरीसाठी संपर्क हवाच असेल, तर तो वेगळ्या कागदावर, स्वच्छ संमती घेऊन नोंदवावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती कोणत्या कामासाठी घेतली हे स्पष्ट सांगणे अपेक्षित आहे आणि ती मागे घेण्याची मोकळीकही देणाऱ्याला असली पाहिजे.

गुण कसे काढावेत

मूळ आवृत्तीत विषम विधानांच्या उत्तरातून एक वजा करायचा, सम विधानांचे उत्तर पाचातून वजा करायचे, दहाही आकड्यांची बेरीज करायची आणि तिला अडीचने गुणायचे. एक भरलेला अर्ज घेऊ. एक ते दहा या विधानांची उत्तरे अनुक्रमे ४, २, ४, ४, ३, २, ४, २, ३, ३ अशी आहेत. विषम विधानांचे आकडे ३, ३, २, ३, २ म्हणजे बेरीज १३. सम विधानांचे ३, १, ३, ३, २ म्हणजे बेरीज १२. एकूण २५, अडीचने गुणल्यावर ६२.५. होकारार्थी आवृत्तीत प्रत्येक उत्तरातून एक वजा करायचा, बाकी रीत तीच.

सर्व दहा उत्तरे एकसारखी असतील, मग ती पाच असोत, तीन असोत वा एक, मूळ आवृत्तीत गुण नेमके ५० येतात. म्हणून ५० गुणांचा अर्ज दिसला, की आधी उत्तरे उघडून पाहावीत. सगळीकडे एकच आकडा असेल, तर तो अर्ज बाजूला काढावा आणि किती अर्ज असे काढले ते अहवालात लिहावे.

आलेला आकडा टक्के नसतो, ही गोष्ट वरिष्ठांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अनेक अभ्यासांतली एसयूएसची सरासरी सुमारे ६८ आहे. तेव्हा ६२ म्हणजे ‘प्रथम श्रेणी’ नव्हे, तर सरासरीच्या खाली. ॲरन बँगोर, फिलिप कॉर्टम आणि जेम्स मिलर यांनी २००९ मध्ये गुणांची विशेषणांशी सांगड घातली, तेव्हा ‘चांगले’ म्हणणाऱ्यांची सरासरी ७१ च्या आसपास निघाली आणि ‘ठीक’ म्हणणाऱ्यांची ५१ च्या आसपास. ‘ठीक आहे’ याचा अर्थ आपल्याकडे जितका थंड असतो, तितकाच तो तिथेही निघाला.

किती लोक पुरेत, याचे उत्तर किती बारीक फरक ओळखायचा आहे यावर ठरते. समजा २५ जणांची सरासरी ६१ आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप, १८ निघाले. १८ ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे पाचाने भागले, की ३.६ येतात, त्याच्या दुपटीएवढी, म्हणजे सुमारे सात गुणांची, ये-जा दोन्ही बाजूंना धरावी. याचा अर्थ खरी सरासरी ५४ ते ६८ च्या दरम्यान असावी. ही ये-जा निम्मी करायची, तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १०० माणसे लागतात. त्यामुळे पंचवीस-पंचवीस जणांच्या दोन फेऱ्यांत ६१ चे ६४ झाले म्हणून पेढे वाटू नयेत. एकाच फेरीतून ढोबळ चित्र हवे असेल, तर वीस-पंचवीस माणसे चालतात. दोन आवृत्त्यांत खरोखर फरक पडला का हे सांगायचे असेल, तर प्रत्येकी शंभराच्या आसपास जावे लागते.

आकडा हाती आल्यावर

डेअरीवर फॅट लावल्यावर आकडा कळतो आणि त्यावर दर ठरतो, पण फॅट का उतरली हे यंत्र सांगत नाही. ते गोठ्यात जाऊनच पाहावे लागते. एसयूएसचा गुणही तसाच असतो. कारण शोधायचे ते प्रत्येक कामाच्या एक ते सात गुणांत, निरीक्षकाच्या वहीत आणि लोकांनी त्यांच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांत.

ही उत्तरे विषयांनुसार लावण्यापेक्षा स्क्रीननुसार लावावीत. ‘भाषा’, ‘रंग’, ‘वेग’ असे गट केले, की प्रत्येक गटात थोडे थोडे जमते आणि कोणाच्याच हाती काम पडत नाही. ‘नोंदीचे पान’, ‘भावाची यादी’, ‘हिशेबपट्टी’ असे गट केले, तर दुरुस्ती करणाऱ्याला लगेच जागा सापडते. वरच्या उदाहरणात शहाद्याच्या सात आणि रावेरच्या नऊ जणांनी ‘पीक अवस्था’ या रकान्यापाशी थांबल्याची नोंद असेल, तर तो रकाना आधी दुरुस्त करावा, मग त्याच कामाला लोकांनी सातपैकी सहा गुण दिले असले तरी. चौथ्या विधानाची सरासरी स्वतंत्रपणे पाहणेही उपयोगी असते, कारण जाणत्या माणसाची मदत लागेल असे म्हणणारे जास्त असतील, तर गावात ते काम शेवटी एखाद्या सेवा केंद्रावर पैसे देऊन करून घेतले जाते आणि ॲपचा हेतूच फसतो. फक्त एकट्या विधानाच्या गुणावर मोठा निष्कर्ष उभारू नये. तो वहीतल्या नोंदींना दुजोरा देतो का, एवढेच पाहावे.

अहवालात सरासरीसोबत ये-जा, माणसांची संख्या, ती कोणत्या तालुक्यांतील आणि किती सरावाची होती, कोणती आवृत्ती वापरली, कामे पूर्ण झाल्याचे प्रमाण किती आणि कोणते अर्ज का वगळले, एवढे असलेच पाहिजे. नुसता ‘गुण ६१’ असा फलक लावला, तर पुढच्या वर्षी त्याचा अर्थ लावायला कोणी उरत नाही.

दुरुस्तीनंतरची फेरी तीच कामे, तीच विधाने आणि त्याच प्रकारची माणसे घेऊन करावी. तीच माणसे घेतली, तर सराव मिसळतो आणि गुण दुरुस्तीमुळे वाढले की हात बसल्यामुळे, हे सांगता येत नाही. हंगामही जुळवावा. मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या कापणीत भाव, धावपळ आणि ॲपवरची गर्दी वेगळी असते, पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेच्या वेळी वेगळी. म्हणून मृगबागेच्या वेळी घेतलेल्या फेरीची तुलना पुढच्या मृगबागेशी करावी आणि तोवर मूळ अर्ज, विधानांचे अंतिम शब्द आणि ॲपचा आवृत्ती क्रमांक एकाच पाकिटात जपून ठेवावा.